एका डोंगरापुरती पाल

(मंडळाच्या निधी-संकलनाच्या कार्यक्रमात फ्रीमाँट येथे केलेल्या भाषणाचा हा मजकूर)



समितीच्या ताईंनी फोन करून विचारलं, "तुमचा विषय काय लिहू?" मी म्हटलं, "पाल." पलीकडे जरा वेळ शांतता. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे बल्लाळेश्वराचं पाली ना?" मी म्हटलं, "नाही हो, भिंतीवरची." तेव्हा आधीच सांगून टाकतो. जेवण अजून व्हायचंय, पण पुढची पंधरा मिनिटं पालीचीच आहेत. मी काही जीवशास्त्राचा माणूस नाही. शिक्षण इंजिनिअरिंगचं आणि नोकरी सॉफ्टवेअरची. पण आजचा निधी आपण ज्या कामासाठी गोळा करतोय, ते म्हणजे सिंधुदुर्गातल्या शाळांमधली निसर्ग-मंडळं. त्या कामाचा आणि पालीचा फार जवळचा संबंध आहे, आणि मला वाटतं तो तुमच्यापर्यंत पोचायला हवा.

आपल्याकडे पालीचं नशीब फारसं चांगलं नाही. घोरपडीला सिंहगडाच्या दंतकथेत मान मिळाला. पालीच्या वाट्याला काय, तर झाडू! पंचांगात पल्लीपतनाचं कोष्टक असतं, पाल डोक्यावर पडली तर अमुक फळ, खांद्यावर पडली तर तमुक फळ. कुणावर संशय आला की मनात चुकचुकते तीही पालच. आणि "दुधात पाल पडली, दूध विषारी झालं" हे तर प्रत्येक आजीने सांगितलेलं असतं. खरी गोष्ट अशी की जगातली कुठलीच पाल विषारी नाही. उघड्या अन्नात कुठलाही प्राणी पडला तर त्याच्या अंगावरचे जंतू अन्नात जातात, ते अन्न टाकूनच द्यावं. पण तो दोष जंतूंचा, पालीकडे विष नाही.

आता घरातल्या पालीचं एक कौतुक इथल्या मंडळींनी ऐकावं असं आहे, कारण ते आपल्या शेजारीच घडलं. पाल छताला उलटी कशी चालते? शतकानुशतकं लोक अंदाज करत होते. कुणी म्हणे पायाला चिकट द्रव असतो, कुणी म्हणे हवा ओढून धरते. सन २००० मध्ये केलर ऑटम आणि बर्कलीचे रॉबर्ट फुल यांनी स्टॅनफर्डच्या सहकाऱ्यांना बरोबर घेऊन टोके नावाच्या मोठ्या पालीच्या पायाचा एकच सूक्ष्म केस वेगळा काढला आणि त्याची पकड मोजली. एका पायावर असे जवळजवळ पाच लाख केस, आणि प्रत्येक केसाच्या टोकाला शेकडो फाटे. चिकट द्रव वगैरे काही नाही. रेणू-रेणूंमधल्या अतिशय क्षीण आकर्षणाची लाखो वेळा बेरीज होते आणि त्यावर पाल लटकते. बार्टने इथून तासाभराच्या आत जिथे पोचता येतं, त्या ठिकाणी लागलेला हा शोध आहे. पालीला झाडूने हाकलणाऱ्या आपल्यासारख्यांनी निदान हे लक्षात ठेवावं.

पण आज मला बोलायचंय ते घरातल्या पालीबद्दल नाही, तिच्या रानातल्या चुलत बहिणींबद्दल. या घराण्याचं शास्त्रीय नाव निमास्पिस. १८८७ साली स्ट्राउख नावाच्या शास्त्रज्ञाने ते दिलं. श्रीलंका आणि आपला सह्याद्री ही यांची मोठी माहेरघरं. आपल्या उत्तर सह्याद्रीतल्या निमास्पिस इवल्याशा असतात. शेपूट सोडली तर अंग तीन-साडेतीन सेंटीमीटर, म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढं. रंग झाडाच्या सालीसारखा किंवा शेवाळलेल्या दगडासारखा. घरातली पाल रात्री दिवा लागल्यावर कामाला लागते. या बहुतेक दिवसा हिंडतात, म्हणून त्यांच्या डोळ्यांतली बाहुली गोल असते, मांजरासारखी उभी चीर नसते.

आणखी एक मोठा फरक आहे. घरातल्या पालीच्या बोटांना ते चिकटणारे केस आहेत, यांना नाहीत. यांच्याकडे फक्त नख्या. गुळगुळीत भिंत किंवा काच यांच्या कामाची नाही. यांना खडबडीत साल हवी, भेगा असलेला दगड हवा, गारवा हवा, ओल हवी. अंडी घालतात ती दोन-दोन, सालीखाली किंवा दगडाच्या फटीत. चांगली फट सापडली की कधी कधी अनेक माद्या तिथेच अंडी चिकटवून ठेवतात. आपल्या चाळीतल्या सामायिक माळ्यासारखं!

या गरजांमुळे एक गंमत होते. गंमत म्हणा किंवा संकट म्हणा. डोंगराच्या माथ्यावर दाट सावली आणि ओल आहे, खाली उतरलात की उघडी, तापलेली जमीन. निमास्पिसला ती जमीन म्हणजे समुद्र. ती ओलांडून पलीकडच्या डोंगरावर जाणं तिच्या आवाक्यातलं नाही. मग हजारो-लाखो वर्षं एका डोंगरावरच्या पाली आपल्या-आपल्यातच वाढतात आणि हळूहळू शेजारच्या डोंगरावरच्यांपेक्षा वेगळ्या होतात. आपण "सरड्याची धाव कुंपणापर्यंत" म्हणतो. हिची धाव एका डोंगरापर्यंत. काही जाती तर उभ्या जगात एखाद-दुसऱ्या डोंगररांगेतच सापडल्या आहेत.

आता जरा नावं ऐका, कारण ही सगळी आपल्या ओळखीची गावं आहेत. गोव्यात काणकोणला सापडलेल्या जातीला १९७६ साली शर्मांनी गोव्याचं नाव दिलं. त्यानंतर उत्तर सह्याद्रीत बराच काळ सामसूम. मग २००९ मध्ये वरद गिरी, आरन बाउर आणि किरण गायकवाड यांनी दाजीपूरच्या जंगलातून एक जात जगापुढे आणली, तिचं नाव कोल्हापूरवरून. ही झाडावर न राहता जमिनीवर पालापाचोळ्यात राहणारी. २०१४ मध्ये कासच्या पठारावरची एक जात आली, तिला खुद्द वरद गिरी यांचं नाव मिळालं. २०१६ मध्ये आंबोलीची. तिच्या लॅटिन नावाचा अर्थच "पिवळ्या पोटाची". २०१८ मध्ये अमित सय्यद आणि सहकाऱ्यांनी उत्तर सह्याद्रीतल्या एकदम चार जाती नोंदवल्या, त्यांतल्या एकीला पुन्हा आंबोलीचं नाव. २०१९ मध्ये अक्षय खांडेकर, तेजस ठाकरे आणि ईशान अगरवाल यांनी आणखी दोन नोंदवल्या, एक आंब्याची, म्हणजे कोल्हापूरजवळच्या आंबा घाटाची, आणि एक कोयनेची. मोजा बरं. दहा वर्षांत निदान नऊ! २०२१ मध्ये तर सौनक पाल आणि सहकाऱ्यांच्या एकाच शोधनिबंधात पश्चिम घाट परिसरातल्या बारा नव्या जाती होत्या.

तुम्ही म्हणाल, या पाली २००९ च्या आधी तिथे नव्हत्या का? होत्या की! गुराख्याने पाहिल्या असतील, लाकूडतोड्याने पाहिल्या असतील. पण सगळ्या एकसारख्याच दिसतात, म्हणून सगळ्यांना मिळून एकच नाव: पाल. वेगळेपण दाखवायचं तर भिंग घेऊन पाठीवरचे, पोटावरचे खवले मोजावे लागतात, नराच्या मांडीखालची बारीक छिद्रं मोजावी लागतात, डीएनए ताडून बघावा लागतो, आणि एक नमुना संग्रहालयात कायमचा ठेवावा लागतो, म्हणजे पन्नास वर्षांनीही कुणाला शंका आली तर पडताळता यावं. हे सगळं करून शोधनिबंध छापला की मग त्या जातीला नाव मिळतं.

आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. जो बग नोंदवलेला नाही, तो कुणीच दुरुस्त करत नाही. त्याला नंबर नाही, तर मीटिंगमध्ये त्याच्याबद्दल बोलणार कसं? प्राण्यांचंही नेमकं हेच आहे. नाव नसलेल्या जातीसाठी अर्ज करता येत नाही, कोर्टात जाता येत नाही, सरकारी कागदावर ती येतच नाही. ती नाहीशी झाली तर काय गेलं हेसुद्धा कुणाला कळत नाही.

याची दोन उदाहरणं देतो. एक इथलं आणि एक तिथलं.

इथलं आधी. मिशन पीकवर आपण सगळेच जातो. वाटेत दगडावर बसून जोर-बैठका काढणारा सरडा पाहिलाय ना? आपली मुलं त्याला "ब्लू बेली" म्हणतात. त्याचं इंग्रजी नावच कुंपणावरचा सरडा. म्हणजे आपली म्हण इथे शब्दशः खरी! त्याला शास्त्रीय नाव मिळालं १८५२ साली. नाव होतं, लोक त्याच्याकडे बघत होते, म्हणून १९९८ मध्ये बर्कलीच्या शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की याच्या रक्तात असं काहीतरी आहे जे लाइम रोगाचे जंतू मारतं. गोचीड याचं रक्त प्याली की तिच्या पोटातले ते जंतू मरतात. कुंपणावरच्या साध्या सरड्याकडून हे कळेल असं आधी कुणाला वाटलं असतं?

हे सरडे खाऊन जगणारा एक सडपातळ, चपळ साप आपल्या या टेकड्यांमध्ये आहे. त्याला आपल्या कौंटीचंच नाव आहे, अलमीडा व्हिपस्नेक. वेगळी उपजात म्हणून त्याला १९५४ मध्ये नाव मिळालं. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियाने त्याला संकटग्रस्त यादीत घातलं, १९९७ मध्ये केंद्र सरकारने. त्यामुळे आज या भागातल्या टेकड्यांवर कुणाला वसाहत बांधायची असेल, तर या सापाचं काय होणार याचं उत्तर आधी द्यावं लागतं. बिल्डर कितीही मोठा असो, साप कितीही छोटा असो. त्या सापाकडे काय आहे? एक नाव आणि एका यादीतली एक ओळ.

आता तिथलं उदाहरण. आंबोलीला हिरण्यकेशी नदीचा उगम आहे, महादेवाचं मंदिर आहे, समोर कुंड. त्या पाण्यातल्या एका छोट्या माशाची नवी जात म्हणून २०२० मध्ये नोंद झाली आणि तिला हिरण्यकेशीचंच नाव देण्यात आलं. पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, महाराष्ट्र सरकारने तिथला २.११ हेक्टरचा परिसर जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केला. २.११ हेक्टर म्हणजे साधारण सव्वापाच एकर. फार नाही. पण मासा त्या कुंडात आधीही होताच. नाव मिळालं, आणि पुढच्याच वर्षी कागद हलला.

आता ज्यांना वाटत असेल की नाव दिलं म्हणजे झालं, त्यांच्यासाठी दुसरी बाजूही सांगायला हवी. चीन आणि व्हिएतनामच्या सीमेकडे सापडलेल्या एका देखण्या पालीला १९९९ मध्ये नाव मिळालं. ती नेमकी कुठे सापडली तेही छापून आलं. हौशी लोकांना पाळायला पाली विकणारे व्यापारी थेट तिथे पोचले, आणि थोड्याच वर्षांत त्या मूळ जागी ती शिल्लकच राहिली नाही. म्हणजे नाव हे दाराच्या किल्लीसारखं. मालकाच्या हातात असली तर घर सुरक्षित, चोराच्या हातात गेली तर कठीण. मग मालक कोण? माझ्या मते तिथे राहणारा माणूस. गावातल्या दहा पोरांना ठाऊक असेल की "ही आपल्या डोंगराची पाल, ही दुसरीकडे कुठेच नाही", तर पिशवी घेऊन आलेल्या अनोळखी माणसाला कुणीतरी विचारेल, "काय ओ, काय शोधताय?" वनखात्याचा एक गार्ड सगळा डोंगर राखू शकत नाही. दहा पोरं राखू शकतात.

म्हणून आजचा निधी शाळांसाठी आहे. त्यातून भिंगं येतील, विजेऱ्या, वह्या, ओळख पटवायची मराठी पुस्तकं येतील, आणि पावसाळ्यानंतर जाणकार माणसाबरोबर मुलांना रानात न्यायला गाडीभाडं निघेल. यातलं काहीही महाग नाही. आपण चौघे जण शनिवारी रात्री बाहेर जेवतो, तेवढ्या पैशांत एका वर्गाची भिंगं येतात.

इथे कुणीतरी मनात म्हणत असेल, आणि म्हणावंच, की तिकडे दवाखाने नाहीत, रस्ते नाहीत, शेतकरी अडचणीत आहे, आणि तुम्ही पालीसाठी पैसे मागताय? हा प्रश्न योग्य आहे. मी त्याचं उत्तर असं देतो. दवाखान्याला द्याच. आपलं मंडळ त्यासाठीही मदत करतं, ती कमी करा असं मी म्हणत नाही. पण दवाखाना यंदा झाला नाही तर पुढच्या वर्षी होऊ शकतो. एका डोंगरापुरती असलेली जात यंदा गेली की पुढच्या वर्षी कितीही डॉलर ओतले तरी येत नाही. शिवाय ज्या सावलीवर आणि ओलाव्यावर ती पाल जगते, त्याच सावलीवर गावाचे झरे आणि विहिरी जगतात. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या फ्रीमाँटमध्ये जेमतेम पंधरा इंच, म्हणजे चारशे मिलिमीटरसुद्धा नाही. तो पाऊस धरून ठेवणारं जंगल गेलं, तर मार्च-एप्रिलमध्ये हंडे घेऊन कुणाला चालावं लागतं, हे इथल्या कोकणातल्या मंडळींना मी सांगायला नको.

आता शेवटचा मुद्दा. तो पैशांचा नाही, आणि कदाचित थोडा अवघड वाटेल.

आपण समजतो की सह्याद्रीतलं जंगल सगळं सरकारचं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत तसं नाही. तिथलं पुष्कळ जंगल खासगी मालकीचं आहे. मालक कोण? सातबारा उघडून बघा. आजोबांचं नाव, त्याखाली वडील, काका, आत्या, आणि त्याखाली आपण! या हॉलमध्ये बसलेल्या कितीतरी जणांची नावं कोकणातल्या कुठल्या ना कुठल्या डोंगराच्या सातबाऱ्यावर आहेत. आपण तिथे राहत नाही, वर्षातून दोन दिवस जातो, तेही जमलं तर. पण एक दिवस फोन येतो. "अरे, ठेकेदार आलाय. वरच्या रानातली झाडं घेतो म्हणतो. तुझ्या सहीसाठी अडलंय." किंवा, "चिऱ्याच्या खाणीसाठी सडा मागतायत, चांगला भाव आहे. तेवढं मुखत्यारपत्र पाठव." आपण कागद भरतो, कॉन्सुलेटचे सोपस्कार करतो, पाठवून देतो. हिश्शाला येते ती रक्कम इथल्या हिशेबाने कित्येकदा एका महिन्याच्या भाड्याएवढीही नसते. आणि तिथे एक डोंगर उघडा होतो.

काकांना पैशांची गरज असेल तर ती खरी गरज आहे. तिथे राहून जमीन सांभाळणाऱ्या माणसाला इथे बसून उपदेश करणं मला तरी शोभणार नाही. पण त्या फोनवर आपण एक-दोन प्रश्न विचारू शकतो. सगळीच झाडं तोडायची आहेत का? पाण्याच्या वाटेवरची, देवराईला लागून असलेली जुनी झाडं वगळता येतील का? माझ्या हिश्श्याचे पैसे मी सोडले, तर तेवढा तुकडा राहील का? भावंडांमध्ये हे बोलणं अवघड असतं, मला माहीत आहे. पण आपल्या सहीवाचून कागद पुढे जात नसेल, तर ती सही करताना विचार करायची मुभा आपल्याला आहे. त्या डोंगरावरच्या पालीला, आणि खरं तर त्या गावातल्या पोरांनाही, ती मुभा नाही.

तसंच, ज्यांचं गावी घर बांधायचं स्वप्न आहे, त्यांनी जरूर बांधावं. फक्त जेसीबी लावून सगळं सपाट करू नका. एखादा जुना फणस, आंबा, किंजळ ठेवा. आणि जुना दगडी गडगा पाडून सिमेंटची कंपाउंड वॉल घालायची घाई करू नका. गड्याच्या फटींमध्ये किती संसार चाललेले असतात! पाली, सरडे, सापसुरळ्या, बेडूक. सिमेंटच्या भिंतीत एकालाही जागा नाही.

जाता जाता एक आनंदाची गोष्ट. २०१६ मध्ये आपल्याकडच्या गळ्याला रंगीत पंखा असलेल्या सरड्यांचा अभ्यास झाला आणि त्यातल्या एका गटाला नवं शास्त्रीय नाव द्यायची वेळ आली. शास्त्रज्ञांनी काय नाव दिलं माहीत आहे? "सरडा"! आपला मराठी सरडा. आता टोकियोत, बर्लिनमध्ये, बर्कलीत कुणीही त्या प्राण्याबद्दल लिहिलं तर त्याला हा मराठी शब्द लिहावाच लागतो. आपण इथे मराठी शाळा चालवतो, मुलांना बाराखडी शिकवतो, त्यांनी चार मराठी शब्द तरी वापरावेत म्हणून धडपडतो. एक शब्द तर एका सरड्याने जगभर पोचवला.

दाराजवळच्या टेबलावर निधीचे फॉर्म ठेवले आहेत, चेक मंडळाच्या नावाने लिहायचा आहे. मॅचिंग देणाऱ्या कंपनीत तुम्ही असाल तर कृपया तो रकाना भरायला विसरू नका, आपला एक डॉलर तिथे दोन होतो. पुढच्या वर्षी शाळांकडून मुलांच्या वह्यांमधली काही पानं मागवून ती याच पुस्तिकेत छापायचा समितीचा विचार आहे. त्यांत चित्रं असतील, पालीही असतील. तेव्हा घाबरून पान उलटू नका एवढीच विनंती.